शहाऐंशीच्या आत

"मुलीची उंची सांगा," मोहनराव म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

वनमालानं पदर सारखा केला. "एकशे सोळा."

"सेंटिमीटर ना?"

"व्हय."

हे माप तिनं दिवाळीच्या आधीच घेतलं होतं. शेजारच्या संगीताच्या पोरीचं. ऋतुजाचं घ्यायचं कुठून? ऋतुजाला जाऊन सहावं वर्ष लागलं होतं.

नवरा अंगद आखातात मेंढरं राखायला गेला तेव्हा पोर दीड वर्षाची होती. निघायच्या दिवशी त्यानं तिला दाराच्या चौकटीला टेकवली, डोक्यावर पेन्सिलीनं रेघ ओढली आणि टेप लावली. बरोब्बर ऐंशी. "दर साली मोजून सांग, मापाचा फ्रॉक धाडतो," म्हणाला.

महिन्याभरात तापानं पोर गेली. अंगदचा पासपोर्ट मालकाच्या पेटीत, दोन वर्षं सुटका नाही. सासू भामाबाई म्हणाली, "त्येला कळवू नगं. एकटा हाय तिकडं, जिवाचं काय बी करून घील." पुढं त्याच साली, दिवाळीच्या आधी, वस्तीवरचा धोंडीराम त्याच मालकाकडं निघाला, तर म्हातारीनं त्याला बिरोबाचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. अवाक्षर काढायचं नाही.

मग काय! खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण वनमालाचं खोटं दर साली पाच-सात सेंटिमीटरनं वाढतच गेलं. दिवाळी जवळ आली की अंगद फोनवर विचारायचा, "औंदा किती भरली गं?" ती संगीताच्या पोरीचं माप सांगायची. मग पार्सल यायचं. ते न फोडताच ती लोखंडी पेटीत ठेवायची. फोडायचा धीरच व्हायचा नाही बाईला. करार संपला की अंगद तो वाढवून घ्यायचा, आणि ती मनातल्या मनात बिरोबाला हात जोडायची. आणखी दोन वर्षं तरी त्याला तोंड दाखवायला नको.

औंदाचं सहावं पार्सल मात्र मुंबईच्या कस्टममध्ये अडकलं आणि घरी कागद आला. तोही इंग्रजी. म्हणून ती सिरसाळ्याला मोहनरावांकडं आली होती. तीस वर्षं कस्टममध्ये कपडे तपासून ते गेल्याच साली गावी परतले होते. वस्तीवरचं जगणं-मरणं त्यांना ठाऊक नव्हतं.

रिटायर माणसाला त्याच्या कामाचं कुणी विचारलं की बघायलाच नको. मोहनराव खुलले. "हे बघा ताई, कपडा आला की आम्ही आधी बघायचो, होजिअरीचा का मागावरचा. मग कुणाचा? बाप्याचा, बाईचा का बाळाचा? आता बाळ म्हणायचं कुणाला? कायद्याला वय कळत नाही, उंची कळते. शहाऐंशी सेंटिमीटरपर्यंत बाळ. त्याच्या वर गेली की मुलगी."

वनमालाला चौकटीवरची ऐंशीची रेघ आठवली. म्हणजे आपली ऋतुजा सरकारच्या लेखीही मुलगी झालीच नाही.

"तुमच्या यजमानांनी लिहिलंय, मुलीचा फ्रॉक, उंची एकशे सोळा. आणि साहेबानं शेरा मारलाय, हा बाळाचा कपडा आहे, खुलासा करा. आहे का नाही कमाल? नवशिका दिसतोय कुणीतरी. खुर्चीवर बसल्या बसल्या शिक्के हाणतात लेकाचे!"

"खुलासा न्हाई केला तर?"

"पार्सल पाठवणाऱ्याकडं परत."

परत! पार्सल अंगदच्या हातात पडणार. का परत आलं म्हणून तो दहा जणांना फोन करणार. दहातल्या एकाची जीभ सैल सुटली की संपलं. "न्हाई वो काका, परत नगं. पाया पडते तुमच्या. काय बी करा."

"अहो, घाबरताय कशाला? आधीच्या सालचे फ्रॉक असतील ना घरी? मानेच्या आतल्या बाजूला पट्टी असते. केवढ्या उंचीच्या पोरीचा कपडा, ते तिच्यावर छापलेलं असतं. ते फ्रॉक आणा. आकडा दर साली चढत गेलेला दिसला की साहेबाचं तोंड बंद."

भर उन्हात ती घरी आली. भामाबाई शेरडांमागं गेली होती. वनमालानं पेटी ओढली, तळातलं पहिल्या सालचं पार्सल काढलं आणि विळीवर त्याची दोरी कापली. पिवळा फ्रॉक. पट्टीवर ८०. त्या साली तिनं सत्त्याऐंशी सांगितलं होतं. पहिलंच साल, गडबड झाली असंल, असं म्हणून तिनं तो बाजूला ठेवला.

एवढ्यात फोन वाजला. शुक्रवार होता, अंगदच्या फोनचा वार.

"पोचलं का गं पार्सल?" अंगदनं विचारलं.

"येतंय. वाटंत हाय."

"एकशे सोळा म्हंजी लई उंच झाली, न्हाई?"

"लई," वनमाला म्हणाली. "बोलायचं का तिच्यासंगं?" आजवर हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आज कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

पलीकडं मेंढरं ओरडत होती.

"निजली असंल," अंगद म्हणाला. "उठवू नगं." दर फोनला तो हेच म्हणायचा. "तू जेवलीस का? जेव आधी."

फोन ठेवून तिनं डोळे पुसले आणि दुसरं पार्सल फोडलं. मग तिसरं. चौथ्याची दोरी कापताना विळी बोटाला लागली, पण ती थांबली नाही. पाचवं तिनं दातांनीच फाडलं.

पिवळा, निळा, पोपटी, जांभळा, गुलाबी. चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघेखाली पाचही फ्रॉक मांडून ती बसली. पाचही पट्ट्यांवर एकच आकडा होता. ऐंशी.