नळीचं पाणी

पोरगा रफिक हल्ली घरात शिरताना चपला हातात घेतो, हे मरियमबीला मुळीच आवडलं नव्हतं. स्वतःच्या घरात चोरासारखं चालायचं कशाला?

सून अन्वरीची आई हव्वाबी गावाहून बोटीने आखातात आली आणि रोल्ला वस्तीतल्या या घरात उतरली, त्याच दिवशी तो म्हणाला होता, "अम्मा, एसीचा गॅस लीक झाला. आता नुसता फॅन फिरतो. थंडा खलास. तू अंगणात झोप, निदान वारा तरी लागेल." विहिणीचं अंथरूण मात्र त्याच एसीच्या खोलीत पडलं. त्यांना म्हणे उघड्यावर झोप येत नाही. मरियमबीने ऐकून घेतलं. पोरगा गोऱ्यांच्या लष्करी कॅम्पात एसीच दुरुस्त करतो, त्याच्याशी काय वाद घालायचा?

अंगणात वारा नव्हता. घाम यायचा, वाळायचा नाही.

आज दुपारी ती मागच्या गल्लीत ओढण्या वाळत घालायला गेली. एसीच्या नळीखालची वाळू भिजली होती आणि शेजाऱ्यांची शेळी ती चाटत उभी होती.

मरियमबी बघतच राहिली. एसी बसवला त्या दिवशी रफिकनेच तिला इथे आणून फुशारकीने समजावलं होतं, "अम्मा, हवेत गरमी दोन तऱ्हेची. एक थर्मामीटरला दिसते. दुसरी हवेतल्या ओलाव्यात दडून बसते. एसी दोन्ही काढतो, मग ओलाव्याचं पाणी होऊन इथून गळतं. नळी गळतेय तोवर खोली गार, लिहून ठेव." लिहायला तिला कुठे येत होतं? तिने ते ध्यानात ठेवलं होतं.

तिने शेळीला हाकललं आणि नळीखाली बादली लावली.

संध्याकाळी रफिक चपला हातात घेऊन आला, तर अम्मा उंबऱ्यात बसलेली, पुढ्यात अर्धी भरलेली बादली. त्याने पाणी पाहिलं. चपला खाली ठेवायचंही त्याला सुचेना.

"अम्मा, सासूबाईंना दमा आहे. अन्वरी म्हणाली, खरं सांगितलं तर तू काही खोली सोडायची नाहीस."

"मला विचारलंस?"

आत गोधडीखाली हव्वाबी शिंकली.

"दमेकरी बाई आहे म्हणाला असतास, तर तिचं अंथरूण मी माझ्या हाताने घातलं असतं." मरियमबीने पायाने बादली त्याच्याकडे सरकवली. "तुझंच पाणी आहे. आधी तोंड धू, मग मला अम्मा म्हण."