वायरचं दुसरं टोक

दवाखान्यातल्या जुन्या रुग्णांच्या फायली नव्या संगणकात न्यायच्या होत्या, पण जुन्याचं नव्याशी काही केल्या जमेना. शेवटी रेकॉर्डवाल्या ताईंनी दोघांमध्ये वायर जोडायचं ठरवलं. जुन्या संगणकाने एक तुकडा पाठवायचा, नव्याने ‘पोहोचला’ म्हटलं की मगच पुढचा.

भर दुपारी काम झकास चाललं होतं. जुन्याच्या पडद्यावर ओळी सरकत होत्या. पोहोचला. पोहोचला.

“अहो ताई, अजून किती?” नर्सने दारातून विचारलं.

“झालंच की,” म्हणत ताई नव्या संगणकाकडे वळल्या. तो बंदच होता. मघाशी फोन आला, त्या नादात वायरचं दुसरं टोक लावायचं राहूनच गेलं होतं. ते त्यांच्याच मुठीत होतं.

पोहोचला.

“सतरा नंबरची खाट,” ताईंच्या तोंडून आपसूक निघालं. “रात्रभर पाणी मागत होता. कुणी दिलं नाही.”

“कोण?” नर्सचा चेहरा पांढराफटक पडला. “ताई, तुम्ही तर तेव्हा इथे नव्हता!”

ताईंनी टोक झटकून फेकलं.

पडद्यावरची ओळ थांबली. मग नवी उमटली.

‘शेवटचा तुकडा राहिला. पुन्हा धरा.’

त्यांचा हात खाली जाऊ लागला होता.