डाव्या हाताचा रकाना

बाबांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तेवीस चावे होते. डाव्या हातावर एकही नव्हता. मुलीने दोनदा मोजले. तोच चावा पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून ती प्रत्येकाशेजारी पेनाने बारीक ठिपका देत होती.

"संपली का परीक्षा, शास्त्रज्ञीणबाई?" बाबांनी विचारले. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांची जीभ महिनाभरात सुटली होती. डावा हात मात्र ठेवाल तिथे पडून राहायचा.

"संपली. कालपेक्षा चार जास्त."

"आणि डावीकडे?" आईने आतून विचारले.

"शून्य."

"मग? मी काय सांगत होते?"

बाबा सव्वीस वर्षे या तबेल्यातल्या घोड्यांना नाल ठोकत होते. तबेल्यामागच्या दोन खोल्या त्या कामाबरोबर मिळालेल्या. उन्हाळ्यात वरचा पत्रा इतका तापायचा, की सकाळी दहा ते चार त्यांची खुर्ची अंगणातल्या झाडाखाली ठेवावी लागे. तिथे गोमाश्या येत. घरातल्या माशीच्या दुप्पट मोठ्या, कात्रीसारखी कातडी कापून रक्त पिणाऱ्या. धूर करून झाला, तेल चोळून झाले. मुलीने एक काळा चेंडू चिकट करून फांदीला टांगला, कारण गोमाशी काळ्या, तापलेल्या, हलत्या वस्तूकडे जाते. चेंडूला रोज चाळीसेक चिकटत. उरलेल्या बाबांकडे येत.

मंगळवारी मुकादम आला होता. बराच वेळ त्याने बाबांकडे न बघता घोड्यांच्या गोष्टी केल्या. मग म्हणाला, "मालक विचारतायत. नाल ठोकायला नवा माणूस बघू का?"

आईने मुलीची वही आणून त्याच्यापुढे धरली. "हात जागा होतोय, भाऊ. डाव्या हातावर माशी टिकू देत नाहीत. पोरीनं रोजचं लिहून ठेवलंय, बघा की."

डाव्या रकान्यात अठरा शून्ये होती. मुकादमाने ती बोट फिरवून पाहिली. "सोमवारी येतो," म्हणाला. "तोवर बोलत नाही मालकांशी."

उजव्या हाताचे मुलीला समजत होते. उजव्या हातावरची माशी मारायला डावा हात लागतो. डाव्या हाताचे समजत नव्हते. जो हात उचलता येत नाही, तो माशी हाकलतो कसा? तिने खुर्ची उलट दिशेला फिरवून पाहिली. डाव्या बाजूला ऊन येऊ दिले. बाबांना गडद शर्ट घातला. आकडे बदलले नाहीत. कातडी आतल्या आत थरथरत असेल, असे तिने वहीत लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. दुसऱ्या दिवशी ते प्रश्नचिन्ह खोडले.

ती मोजायची ती संध्याकाळी, प्रयोगशाळेतून परतल्यावर. रविवारीही तिला तिकडे जावे लागे; या रविवारी ती पहिल्यांदाच दिवसभर घरी होती. अकरा वाजता पाणी प्यायला उठली आणि खिडकीतून तिला अंगण दिसले.

आई बाबांच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसली होती. हातात ओले फडके. माशी डाव्या हाताच्या वीतभर जवळ आली, की फडके सपकन फिरे. एक माशी उजव्या हातावर बसली. बाबांनी तोंड वाकडे करून हात झटकला. आईने तिकडे पाहिलेही नाही. मुलीने वीस मिनिटे मोजले. फडके एकतीस वेळा उठले. एकतीसही वेळा डावीकडे.

ती वही घेऊन बाहेर आली.

"आई, उजवीकडच्या का नाही हाकलत?"

"तिकडचं कळतं त्यांना," आई म्हणाली.

बाबांनी एकदा वहीकडे पाहिले, एकदा बायकोकडे.

"फडकं खाली ठेव."

"अहो, चावेल."

"चावू दे. खांद्यावर माशी बसली आणि घोड्याची कातडी थरथरली नाही, तर त्या बाजूचा पाय मी उचलत नाही. घोडा भरवशाचा नाही, असं मालकाच्या तोंडावर सांगितलंय मी. उद्या मुकादम येईल. त्याला काय सांगायचं ते आज बघू." मग मुलीला म्हणाले, "मी डोळे मिटतो. तू घड्याळ लाव. चावली की सांगतो."

"अहो, उद्या बघू ना. कालच करंगळी हलल्यासारखी वाटली मला."

"ठेव गं खाली."

आईने फडके मांडीवर ठेवले आणि दोन्ही हातांनी दाबून धरले. चेंडू फांदीला हळूहळू फिरत होता. एक माशी त्याच्याभोवती दोन चकरा मारून निघाली, खुर्चीच्या दांड्यावर उतरली, आणि तिथून डाव्या पंजावर चढली. अंगठ्याच्या मुळाशी थांबली. तिने डोके खाली घातले. मुलीने घड्याळ दाबले. कातडीवर रक्ताचा थेंब दिसू लागला आणि माशीचे पोट फुगत गेले.

बाबांचा चेहरा उन्हाकडे होता. डोळे घट्ट मिटलेले.

"आली का गं एखादी?" त्यांनी विचारले.

माशी पोट भरल्यावर आपणहून उडाली. मुलीने घड्याळ थांबवले आणि वही उघडली.

डावा हात: चावे, एक. वेळ, तीन मिनिटे चाळीस सेकंद.