दिवा विझल्यावर

रेकॉर्डरवरचा हिरवा दिवा प्रत्येक श्वासाबरोबर लुकलुकत होता. शहरातल्या बाडा चौकाजवळच्या सभागृहात माझ्या शिल्पकार भावाची ‘कला आणि न्याय’ या विषयावर जाहीर मुलाखत चालली होती आणि तो खाणकामगारांचे धुळीनं पोखरलेले श्वास ऐकवत होता. श्रोत्यांच्या प्रश्नांसाठीचा चालू माइक घेऊन मी बाजूला उभी होते. “वनू, बंद कर गं,” दादा म्हणाला. मी बटण दाबलं. दिवा विझला, पण एक शिट्टीसारखा श्वास सभागृहात चालूच राहिला. “भैया, भूत है क्या?” मागून कुणीतरी हसलं. मी श्वास रोखून पाहिला. आवाज थांबला. सोडल्यावर पुन्हा सुरू झाला. दादाच्या दगडी मूर्ती वर्षानुवर्षं मीच घासतेय. डॉक्टरांनी मला दगडाच्या धुळीत काम करायला मनाई केल्यापासून दादा दरवेळी म्हणायचा, “एवढं प्रदर्शन होऊ दे गं.” मी माइक तोंडाशी धरला. “दादा, उद्यापासून मी दगडाला हात लावणार नाही.”