चार अनारसे

चौथा अनारसा संपला तेव्हा कुठे हेमांगी भानावर आली. सातवा महिना, त्यात रक्तातली साखर वाढलेली. डॉक्टरीणबाईंनी ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि मुगाचं धिरडं एवढंच लिहून दिलं होतं. दोन महिने तिने ते नेटाने पाळलं. आज दुपारी सासूबाईंनी दिवाळीचं तळण काढलं, घरभर वास सुटला आणि तिचा हात आवरला नाही.

एरवी जेवणानंतर पोटात बाळाची धांदल उडायची. आज सगळं गप्प. ती डाव्या कुशीवर निजली, पाणी प्यायली, पोट थोपटत राहिली. तासभर झाला. मागच्या खेपेलाही असंच गप्प झालं होतं आणि ती रिकाम्या हातांनी घरी आली होती.

"आई," तिने सासूबाईंना हाक मारली, "मी अनारसे खाल्ले. चार. बाळ हलत नाहीये."

सासूबाईंनी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच रिक्षा थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. नुसती खरखर. हेमांगीने डोळे मिटून घेतले. मग एकाएकी टपटप ठोके ऐकू आले.

"झोपलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मात्र बोट टोचून साखर पाहताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "काय खाल्लंत?"

हेमांगीला तोंड उघडू न देता सासूबाई म्हणाल्या, "मीच भरवलं तिला. डोहाळे म्हणून." आणि इतका वेळ आवरलेलं रडू त्यांना तिथेच फुटलं.