पंचाचा हात

डोंबिवलीत भाताच्या शेतात रिंग ठोकून सुरू केलेली माझी कुस्तीची कंपनी आज विकायची होती. आमच्या कुस्त्यांचा निकाल आधीच ठरतो. माझ्या लेकीनं, प्रणालीनं, हरायचं. तिच्याकडचा विजेतेपदाचा पट्टा खरेदीदारांनी आणलेल्या पैलवान पोरीकडे गेला, तरच सौदा. “विकायचीच होती तर मला यात उतरवलंस कशाला, बाबा?” एवढंच ती सकाळी बोललेली. पंच मीच. ती ठरल्याप्रमाणे आपटली. तीन मोजले की संपलं. पंच पडलेल्याचा हात हळूच दाबतो. त्यानं उलट दाबला की समजायचं, ठीक आहे. मी दाबला. हात लुळाच. “एक!” पुन्हा दाबला. काहीच नाही. “दोन!” खरेदीदार टाळ्या वाजवत उठले. मी किंचाळलो, “थांबवा! पोरीला खरंच लागलंय!” कुस्ती निकालाविना थांबली, पट्टा प्रणालीकडेच राहिला, सौदा फिसकटला. स्ट्रेचरसोबत धावताना मी तिचा हात धरला. तिनं कचकचून दाबला.