शिलाईपुरतं

फॉर्ममधलं सगळं भरून झालं होतं. नाव, वय त्रेपन्न, रक्तगट, अडीअडचणीला फोन करायला बायकोचा नंबर. गाडी अडली ती शर्टाच्या मापावर. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला शर्ट मिळणार होता, आणि लहान, मध्यम, मोठा, खूप मोठा यांतलं एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता.

दारात उभ्या माणसाची कंबर नुसत्या नजरेने सांगणारा शिंपी तो. तीस वर्षं लोक त्याला मास्तर म्हणत आले होते. आणि आता स्वतःच्या मापापाशी पंधरा मिनिटं फोन हातात धरून बसला होता.

"पाचला बंद होणार ना ते?" बायको मशीनवरून म्हणाली. "साडेचार झाले."

"माहितेय."

"मग मध्यम लिहा. मध्यमच आहात तुम्ही."

"आज आहे गं. स्पर्धा चार महिन्यांनी आहे."

तिच्यासमोर त्याची पळायची पँट उलटी करून पसरली होती. सव्वा वर्षापूर्वी त्यानेच शिवलेली, ब्याण्णव किलोच्या माणसासाठी. आता तीच घालून एकाहत्तर किलोचा माणूस पळत होता. बाजूच्या शिलाया तीनदा आत घेतल्या होत्या, पण उरलेलं कापड एकदाही कापलं नव्हतं. दोन्हीकडे आत चार-चार बोटांची जाड घडी. ती पळताना घासायची, काल तर कमरेचं सालटं निघालं. तेवढी घडी जरा सपाट करून दे, म्हणून त्याने पँट तिच्याकडे दिली होती आणि तिने घडीचे टाके उसवून ठेवले होते.

आतलं कापड कापायचं नाही, हा दुकानाचा कायदाच होता. बारीक झालेलं गिऱ्हाईक कपडे आत घ्यायला मोठ्या ऐटीत यायचं. मास्तर हसून माप घ्यायचा आणि कपडे परत देताना म्हणायचा, "कापड आत ठेवलंय. भेटूच." आणि भेट व्हायचीच. किती महिन्यांत, यावर नवरा-बायको पैज लावत, हरेल त्याने चहा करायचा. मास्तरवर चहा करायची पाळी क्वचितच आली होती. तो स्वतःही दोनदा बारीक झाला होता आणि दोनदा शिलाया उसवून परत होता तिथे आला होता.

तेवढ्यात बँकेतले साहेब आले. हातात राखाडी पँट, चेहऱ्यावर ओशाळं हसू.

"मास्तर, मागच्या वर्षी आत घेतलेली. परत सोडायचीय. दीडेक इंच."

मास्तरने पँट उलटी केली. "आहे. कापड आहे."

"वाचवलंत हो!" साहेबांनी श्वास सोडला आणि मास्तरकडे नीट पाहिलं. "तुम्ही मात्र ओळखू येईना झालात. काय चाललंय काय?"

"ट्रायथलॉन," बायकोनेच सांगितलं. "आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं एका दमात. नाव देतायत ते."

"अरे वा वा!" साहेब खुशीत आले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "पण कापड ठेवलंय ना आत? भेटूच!"

साहेबांच्या मनात काही नव्हतं. मास्तरचाच माल मास्तरला परत मिळाला होता, इतकंच. पण ते त्याला चांगलंच लागलं. असं किती जणांना आपण हसत हसत दारापर्यंत पोचवलं, हे आठवून त्याचे कान तापले. त्याला जायचं होतं. डोक्याला टोपी, दंडावर नंबर, पहाटेच्या तलावात तीनशे माणसांत उभं राहायचं होतं, आणि ते त्याला इतकं हवं होतं की बायकोशीही तो कधी धड बोलला नव्हता. भीती एकाच गोष्टीची होती. चार महिन्यांनी तो मध्यम शर्ट अंगात शिरणार नाही, आणि दुकानातल्या खुंटीवरून रोज आपल्याकडे बघत बसेल.

त्याने फोन बाजूला ठेवला. तिच्यासमोरची पँट ओढून कापायच्या टेबलावर पसरली आणि मोठी कात्री उचलली.

"काय करताय?"

"कापतोय."

तिने मशीन थांबवलं. "किती ठेवताय?"

मास्तरने शिलाईलगत खडूने रेघ ओढली. "शिलाईपुरतं."

"विचार करा हं. कापलं की कापलं. मग मला सोडता यायचं नाही."

"म्हणूनच."

कात्री पहिल्या घासाला जरा थबकली. मग मात्र घोट्यापासून कमरेपर्यंत कुठेही न उचलता गेली. दुसऱ्या बाजूला तर थबकलीही नाही. दोन लांब पट्ट्या टेबलावरून घसरून खाली पडल्या.

त्याने बोटाचा खडू शर्टाला पुसला, फोन घेतला आणि 'मध्यम'वर बोट ठेवलं. फॉर्म पुढे सरकला. पाचला आठ मिनिटं होती.

"गेला का?"

"गेला."

बायकोने वाकून पट्ट्या उचलल्या. सवयीने एकीवर एक ठेवून सारख्या केल्या, तळहातावर घेऊन जरा तोलून पाहिल्या.

"अहो," ती म्हणाली, "एवढं घेऊन पळत होतात?"